एक हदीस आणि राज्य करणारी स्त्री

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं होतं : इस्लामी कायद्याप्रमाणे स्त्रीला देश चालवता येतो का?

कुराणात शेबाच्या राणीची कथा आहे. ती दरबाराचा सल्ला घेते, युद्ध टाळते. दोष दिलाय तो तिच्या लोकांच्या सूर्यपूजेला, तिच्या राज्य करण्याला नाही. विरोधक सर्वांत जास्त पुढे करतात ती बुखारीतली एक हदीस. इराण्यांनी राजकन्येला गादीवर बसवल्याचं कळल्यावर पैगंबर म्हणाले की, कारभार बाईच्या हाती देणाऱ्यांचं भलं होणार नाही. हे सांगणारे अबू बक्रा (पहिले खलिफा अबू बक्र वेगळे). आणि सांगितलं कधी? तर इ.स. ६५६ च्या जमलच्या लढाईच्या संदर्भात, जिथे पैगंबरांच्या पत्नी आयेशा एका पक्षाचं नेतृत्व करत होत्या. नेमकं तेव्हाच का आठवलं, हा मोरोक्कोच्या फातिमा मर्निसींचा प्रश्न.

आता हे विधान एका राजघराण्याबद्दलचं की सर्वकाळचा नियम? परंपरेतले पंडित म्हणतात, प्रसंग विशिष्ट असला तरी शब्द व्यापक आहेत, म्हणून नियमही व्यापक. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका, कायदे पुष्कळदा असेच वाचले जातात. पण हनफी पंथानं ठरावीक खटल्यांत स्त्रीला न्यायाधीश मानलंच होतं. म्हणजे कायद्यात फट होती.

ती फट कधी दिसते, ते बघा. १९६५ मध्ये पाकिस्तानात फातिमा जिना अयुबखानांविरुद्ध अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. अयुबखानांच्या बाजूच्या उलेमांनी स्त्रीविरोधात फतवे काढले. आणि एरवी स्त्रियांना राजकारणापासून दूर ठेवू पाहणारे मौदूदी? त्यांनी फातिमाबाईंना पाठिंबा दिला. परिस्थिती असाधारण आहे, म्हणाले! इंडोनेशियात १९९९ साली हमजा हाज यांचा स्त्री राष्ट्राध्यक्षाला विरोध होता. २००१ मध्ये मेगावती अध्यक्ष झाल्या, आणि हेच गृहस्थ त्यांचे उपाध्यक्ष. ग्रंथ तेच, अक्षरही बदललं नव्हतं.

मला मात्र दुसरी गोष्ट जास्त टोचते. फातिमा ही जिनांची बहीण, मेगावती सुकार्नोंची मुलगी, बेनझीर भुट्टोंची, हसीना मुजीबुर रहमानांची, खालिदा झियाउर रहमानांच्या पत्नी. हे शरियतमधून आलेलं नाही. इंदिराबाई, सिरिमावो बंदरनायके यांच्याकडे बघा, दक्षिण आशियाचीच ही रीत आहे. तुर्कस्तानच्या तान्सू चिल्लेर, १९९३ च्या पंतप्रधान, अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, कुणा नेत्याच्या वारस नव्हत्या. पण तुर्कस्ताननं शरियत बाजूला सारून १९२६ मध्येच स्विस धर्तीचा नागरी कायदा घेतला होता. त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू.