चिकटवलेली मोटार

एक साधा प्रयोग करा. भरलेलं दप्तर पाठीवर घेऊन मैदानाला एक फेरी मारा. मग दप्तर खाली ठेवून दुसरी फेरी मारा. पाय तेच, दम तोच, तरी दुसऱ्या फेरीला तुम्ही कसे वाऱ्यासारखे पळता! वळणावर तोल जात नाही आणि थांबायचं म्हटलं की चटकन थांबता येतं. इंग्लंडच्या लोटस कंपनीची ‘एलिस’ नावाची मोटार याच युक्तीवर पळायची.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन. इमारती आणि पूल कसे उभे राहतात याचं शास्त्र तो शिकला होता. १९४८ साली त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हात चालवून आपली पहिली गाडी बनवली आणि १९५२ साली कंपनी काढली. त्याचा हिशेब सरळ होता. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल, पण वजन घटवलं तर ती सुटताना, वळताना, थांबताना, सगळीकडेच चपळ होईल. हा हव्यास कधी कधी अंगाशीही यायचा. शर्यतीत नाजूक भाग तुटायचे.

चॅपमन १९८२ साली वारला. कंपनीचे मालक बदलत गेले. १९९३ साली इटलीच्या रोमानो आर्तिओली यांनी ती विकत घेतली; पण सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांच्या बुगाटी या दुसऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं. नेमक्या त्याच महिन्यात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात लोटसने आपली नवी छोटी गाडी मांडली. आर्तिओलींची चिमुकली नात एलिसा, तिच्यावरून गाडीचं नाव ‘एलिस’. ही गाडी लोकांना आवडली नसती तर लोटसचं काय झालं असतं, कोण जाणे!

आता गाडीच्या पोटात शिरू. दिवाळीत आई सोऱ्यात पीठ भरून दाबते आणि चकती असेल त्या आकाराची शेव नाहीतर चकली बाहेर पडते, हो ना? ॲल्युमिनियम तापवून असंच साच्यातून दाबलं की हव्या त्या आकाराच्या लांबच लांब पोकळ पट्ट्या मिळतात. एलिसचा सांगाडा अशा पट्ट्यांचा. आणि त्या जोडल्या कशाने? वेल्डिंगने नव्हे, चक्क चिकटवून!

अर्थात हा आपला वहीचा डिंक नाही. इपॉक्सी नावाचं हे चिकटद्रव्य लावून सांगाडा भट्टीत भाजून पक्का करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, म्हणून पट्ट्या जाड घ्याव्या लागतात. चिकटवताना ती भीती नाही, त्यामुळे पट्ट्या पातळ चालतात. एक खोड मात्र आहे. वहीवरचं लेबल आडवं ओढून निघत नाही, पण कोपरा उचलला की सोलून निघतं. चिकटवलेल्या जोडाचंही तसंच. म्हणून इंजिनिअरांनी टोकांना स्क्रूही मारले. एवढं करून अख्ख्या सांगाड्याचं वजन भरलं ६८ किलो, म्हणजे एका मोठ्या माणसाइतकं!

वर फायबरग्लासचं अंग आणि आसनांच्या मागे रोव्हर कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन. त्याची ताकद ११८ अश्वशक्ती, तर पूर्ण गाडीचं वजन सुमारे ७२५ किलो. वहीत भागाकार करून बघा, एका ‘घोड्या’च्या वाट्याला जेमतेम सहा किलो ओझं येतं. हेच इंजिन १२०० किलोच्या गाडीत बसवलं तर दहा किलो. आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० मध्ये तर सोळा-सतरा! म्हणून ही एलिस साधारण सहा सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायची आणि २०० पर्यंत जायची.

पण सहकुटुंब लग्नाला जायची ही गाडी नव्हे. आत दोघंच बसणार, तेही उंच कडा ओलांडून. गालिचा नाही, एसी नाही, काचा हाताने फिरवायच्या. पॉवर स्टिअरिंगही नाही. पुढची बाजू इतकी हलकी की त्याची गरजच नव्हती. गालिच्याचं ठीक आहे हो, पण सुरुवातीच्या गाड्यांत एअरबॅगही नव्हती, हे मला काही पटत नाही. पुढे नियम कडक झाले, सोयी वाढल्या आणि गाडीचं वजनही थोडं थोडं वाढत गेलं. २०२१ साली एलिसचं उत्पादन थांबलं. तोवर ३५ हजारांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या.

लोटसचा कारखाना हेथेल गावी, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर आहे. तिथेच अमेरिकेच्या टेस्ला कंपनीसाठीही एक गाडी तयार होऊ लागली. २००८ साली रस्त्यावर आलेल्या टेस्लाच्या विजेवर चालणाऱ्या ‘रोडस्टर’चा सांगाडा एलिसवरूनच बेतला होता. गंमत बघा, तिच्या नुसत्या बॅटरीचं वजनच सुमारे ४५० किलो! त्यातलीच एक गाडी फेब्रुवारी २०१८ मध्ये रॉकेटवर बसवून अंतराळात सोडली. ती आता सूर्याभोवती फिरते आहे, आणि तिथे तिला वजनच नाही.