गाठ आपोआप जाते तेव्हा

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याचा उपाय मावळ-लोणावळ्याकडील जुन्या पिढीला अपरिचित नाही. चामखीळ गळते आणि श्रेय केसाला मिळते. कोणी ते नवसाला वा उपवासालाही देतात. वास्तविक ती विषाणूमुळे झालेली त्वचेची निरुपद्रवी वाढ. रोगप्रतिकारक पेशींना दडलेला विषाणू ओळखता आला, की त्या बाधित पेशी नष्ट करतात. मुलांच्या अनेक चामखिळी काही न करताच जातात.

क्वचित कर्करोगाची गाठही ओसरते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांना अशा एका रुग्णाची नोंद सापडली, ज्याच्या मानेवरील गाठ त्वचेच्या तीव्र जंतुसंसर्गानंतर नाहीशी झाली होती. 1891 मध्ये त्यांनी रुग्णांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. हा प्रयोग धोक्याचा होता. मात्र प्रतिकारशक्तीवरील बंधने सैल केल्यास ती कर्करोगाशी लढू शकते, हे पुढे जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांनी दाखवले. त्यांना 2018 चे नोबेल मिळाले.

तथापि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात काळा डाग मध्येच फिकट होतो, कधी पूर्ण पुसला जातो आणि रोग तोवर लसिकाग्रंथींत पोहोचलेला असतो. भारतीयांत तो पुष्कळदा तळपायावर आढळतो. जिनालयात अनवाणी जातानाही तळव्याकडे कोणाचे लक्ष जाते? ‘दिवाळीचा हंगाम संपू दे’, ‘पर्युषणानंतर बघू’ असे म्हणत महिने जातात. लोणावळ्याहून पुणे आणि मुंबई, दोन्हीकडे रेल्वे आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून याच कामात आहे. जागेपुरती भूल देऊन घेतलेला त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, की डाग कशाचा ते बहुधा कळते.