एकास बहात्तर

नगरची लष्करी ओळख रणगाड्यांची. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली उभारलेल्या संग्रहालयात पॅटन, सेंच्युरियन, विजयंता असे सगळे हात लावण्याइतक्या अंतरावर उभे आहेत. लढाऊ विमानाचं तसं नाही. एकेकाळी मिग-२१ बनवणारा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला. तेव्हा विमानाचं वेड असलेल्या नगरकराने त्याचं मॉडेल स्वतःच बांधावं हे उत्तम.

खोक्यावर ‘१/७२’ असं प्रमाण दिसतं. त्यात सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या मॉडेलच्या मालिकेने हे प्रमाण रूढ केलं, पुढे एअरफिक्स कंपनीने ते घरोघरी नेलं. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, मॉडेलमध्ये तो दहा सेंटिमीटरलाही थोडा कमीच. नॅट हे लढाऊ विमान तर त्याहून लहान, तळहातावर मावणारं.

सुटे भाग पॉलिस्टायरीनच्या चौकटीला जोडलेले असतात. ते पिरगाळून तोडायचे नाहीत. कटरने जरा लांबून कापायचे आणि उरलेलं टोक घासायचं. मॉडेलचं सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे ते थेंबभरच पुरतं. कॉकपिटवरच्या पारदर्शक छत्रीला मात्र ते लावू नये, आणि झटपट चिकटणारा गोंदही नको, त्याच्या वाफेने काच धुरकटते. तिथे साधा फेविकॉल बरा. नाकाच्या शंकूत शिशाचे छर्रे भरायला विसरलात, तर तयार झालेलं मिग शेपटीवर बसतं.

खरी परीक्षा रंगाची. भारतात १९६३ पासून आलेली मिग बरीच वर्षं उघड्या धातूच्या चकाकीत उडाली. अॅल्युमिनियमचा रंग काहीच लपवत नाही. सांध्याची रेघ, बोटाचा ठसा, काळ्या चकचकीत अस्तरावर बसलेला धुळीचा कण, सगळं उठून दिसतं. पर्जन्यछायेतल्या नगरला धूळ कधी कमी नसते, आणि एप्रिलमध्ये अॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. ओल्या फडक्यावर बेकिंग पेपर ठेवून त्यावर रंग घोळवला की तो टिकतो. उन्हाळ्यात काम पहाटेच उरकावं.

रंग फवारणारा एअरब्रश नसेल तर माझी शिफारस १९७१चं मिग-२१एफएल. भारत-पाक युद्धाच्या तोंडावर चकाकणारी विमानं लपवण्यासाठी तळांवरच घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे चढवण्यात आले. काहींवर ते चक्क ब्रशने ओढलेले होते. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली ती याच मिगनी. इतर कुठल्याही विमानावर ब्रशचे फराटे म्हणजे दोष. इथे तो इतिहास. हौशी माणसाला याहून सोयीचं विमान सापडणार नाही.

एक हिशेब मात्र डोक्यात असावा. मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची, म्हणजे बोट जाईल एवढी फट ठरते. पत्र्यांच्या जोडरेषा काळ्या शाईने भरून टाकण्याची अलीकडची फॅशन मला म्हणूनच पटत नाही. करड्या रंगाने, अगदी पुसट भराव्यात. रंगही खऱ्याहून किंचित फिका घ्यावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद भासतो.

वायुसेनेचं चक्र बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. पाण्यात भिजवून सरकवायची ही चिकटचित्रं चकचकीत वार्निशवरच लावायची; खरखरीत मॅट रंगावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. वरून शेवटी मॅट वार्निश.

आणि मळवण्याचा मोह आवरावा. चिखलाचे शिंतोडे संग्रहालयातल्या रणगाड्यांच्या मॉडेलला शोभतात. लढाऊ विमान उड्डाणाआधी आणि नंतर तपासलं-पुसलं जातं. त्याला इंजिनाच्या नळीपाशी काजळी आणि पंखाच्या मुळाशी, जिथे तंत्रज्ञ पाय ठेवतात तिथे, थोडी झीज पुरे.