निम्मे तुमचे, निम्मे आमचे

'मॅचिंग ग्रँट' हा शब्द आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात एका ओळीत भेटतो आणि त्याच ओळीत निरोप घेतो. प्राध्यापक मंडळींना तो अधिक परिचयाचा असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनांतून इमारत किंवा वसतिगृह बांधायचे तर संस्थेला आपला हिस्सा घालावा लागे, हे त्यांनी पाहिले आहे. खेड्यात याच गोष्टीला 'लोकवाटा' म्हणतात. २००२ साली केंद्र सरकारने स्वजलधारा योजना काढली, तेव्हा पाणीयोजनेच्या भांडवली खर्चातला दहा टक्के वाटा गावकऱ्यांनी उचलावा अशी अट होती. शब्द कोणताही वापरा, सौदा एकच: तुम्ही इतके घाला, म्हणजे आम्ही इतके घालू.

हा सौदा जुना आहे. १७५१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे इस्पितळ काढायचे घाटत होते. बेंजामिन फ्रँकलिनने प्रांतिक विधिमंडळापुढे तोड मांडली, की लोकांनी वर्गणीतून दोन हजार पौंड जमविले तरच सरकारने दोन हजार पौंड द्यावेत. ज्या सभासदांना पैसे द्यायचेच नव्हते त्यांनीही हात वर केले. एवढी वर्गणी जमणारच नाही, आपल्याला मात्र दानशूरपणाचे श्रेय फुकटात मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. इकडे वर्गणीदारांना सांगण्यात आले, की तुमचा एक पौंड म्हणजे दोन पौंड. वर्गणी जमली, इस्पितळ उभे राहिले. आपण या युक्तीवर खूष होतो, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कायद्याच्या भाषेत सशर्त वचन म्हणतात ते हेच; वचन देणाऱ्याच्या मनात काय आहे ते मात्र कागदावर उमटत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता हे सारे नाटकाच्या थिएटराशी कुठे जुळते? नगरपालिकेची कामे कायद्याने दोन प्रकारची: आवश्यक आणि ऐच्छिक. पाणी, दिवाबत्ती, गटारे, रस्ते ही आवश्यक. कर्नाटकाचा १९६४ चा नगरपालिका कायदा घ्या किंवा महाराष्ट्रातले कायदे घ्या, ही विभागणी दोन्हीकडे आहे, आणि करमणुकीच्या जागा ऐच्छिक खात्यात पडतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातल्या १८ विषयांत सांस्कृतिक अंगाची जोपासना हाही एक विषय आहे; परंतु विषय मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे होत नाही. अंदाजपत्रकाच्या सभेत पाण्याची टाकी आणि रंगमंदिराचे छप्पर समोरासमोर आले तर टाकीच जिंकते, आणि खरे सांगायचे तर जिंकायलाच हवी. म्हणून ऐच्छिक कामासाठी पालिका लोकांकडे बोट दाखवते. 'तुम्हांला हवे आहे ना, मग निम्मे आणा,' असे म्हटले की नकारही द्यावा लागत नाही आणि होकाराचा पैसाही लगेच काढावा लागत नाही.

इंग्लंडात हा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने सोडविला. १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने तिथल्या नगरपालिकांना घरपट्टीच्या पौंडामागे सहा पेन्सपर्यंतची रक्कम करमणूक व कलेवर खर्च करण्याची मुभा दिली. नुसती मुभा, सक्ती नव्हे. पुष्कळ पालिकांनी ती पुरती वापरली नाही, हे आपल्याकडील कोणालाही ओळखीचे वाटेल.

आमच्या गावात, म्हणजे जिल्ह्यातल्या एका लहान गावात, पालिकेचे एक नाट्यगृह आहे. पत्र्याचे छप्पर, लाकडी तुळया, खाली दगडी भिंती. मराठी संगीत नाटके तिथे झाली, कन्नड कंपन्यांचे मुक्काम पडले, आणि आम्हा मुलांची स्नेहसंमेलनेही तिथेच झाली. गेले तीन पावसाळे रंगमंचाच्या डाव्या अंगाला पाणी गळते आहे. गावच्या दोन्ही भाषांच्या हौशी नाट्यमंडळांनी एकत्र येऊन अर्ज केला. पालिकेने ठराव केला, की निम्मा खर्च नागरिकांनी उभारावा, निम्मा पालिका देईल. वर्गणीच्या पावत्या फाडायचे आणि खतावणी लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण गल्लीत 'कॉमर्सचा पोरगा' म्हणजे मीच. त्या कामात जे कळले ते सांगतो.

ठराव कन्नडमध्ये आहे. त्यात शेवटी तीन शब्द आहेत: 'अनुदानद लभ्यतेगे अनुगुणवागि'. मराठीत 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. आमच्या बैठकीत ठराव वाचला गेला तेव्हा सगळ्यांनी 'निम्मा' हा शब्द ऐकला आणि टाळ्या वाजविल्या. हे तीन शब्द कोणी ऐकलेच नाहीत. लोकांची अट पक्की आहे, पालिकेचे वचन मात्र तिजोरीवर अवलंबून. दोन पारड्यांतले एक दोरीने बांधलेले आणि दुसरे मोकळे, असा हा तराजू आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. उदाहरणार्थ समजा, दुरुस्तीचे अंदाजपत्रक ३० लाखांचे आहे. पालिका १५, नागरिक १५. वर्गणी जमायला दोन वर्षे लागली. तोवर बांधकाम खात्याची दरसूची बदलली, पत्रा व मजुरी महागली आणि काम ३६ लाखांवर गेले. ठरावात जर 'पालिका १५ लाख देईल' असे लिहिले असेल, तर उरलेले २१ लाख नागरिकांच्या डोक्यावर येतात; म्हणजे निम्मे म्हणता म्हणता शेकडा ५८ झाले. ठरावात 'निम्मा खर्च' असे टक्क्यांत लिहिले असेल, तर दोघांनी प्रत्येकी १८ लाख द्यायचे. एका शब्दाने तीन लाखांचा फरक पडतो. आमच्या ठरावात दोन्ही आहे: वर 'निम्मा', खाली ठोक रक्कम. तंटा झाला तर कोणते धरायचे, याचे उत्तर ठरावात नाही.

असे फक्त आपल्याच गावात होते असे समजू नका. ग्लासगो शहरातले सिटिझन्स थिएटर १८७८ सालचे. इमारत तिथल्या नगरपरिषदेच्या मालकीची. मोठ्या दुरुस्तीसाठी ते २०१८ मध्ये बंद केले. नगरपरिषद, स्कॉटलंडचे सरकार, लॉटरीच्या उत्पन्नातून चालणारा वारसा निधी आणि देणगीदार अशा अनेकांनी वाटा उचलला. सुरुवातीला सुमारे दोन कोटी पौंडांचा अंदाज होता; मध्ये महामारी आली, भाव चढले आणि खर्च चार कोटींच्या आसपास गेला. पडदा पुन्हा उघडला तो २०२५ च्या सप्टेंबरात. वाटेकरी अनेक असले म्हणजे एकाने हात आखडला तरी काम बुडत नाही, हा त्यातला फायदा. आणि प्रत्येकाची अट निराळी, प्रत्येकाचा हिशेब निराळा, हा त्यातला ताप.

तिसरी गोष्ट रोख पैशाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत कमी बोलली जाते. अनुदान आधी हातात पडत नाही. आधी काम, मग मोजमाप, मग बिल, मग तपासणी, मग हप्ता. आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ठेकेदार तेवढा थांबत नाही. म्हणजे निम्मा वाटा जमविला तरी मधल्या काळात पुरेल असे खेळते भांडवल वेगळे लागते. आमच्या खतावणीत नाव असलेल्या वर्गणीदारांना हे समजावून सांगणे कठीण जाते. 'पैसे दिले ना, मग पत्रा कुठे?' असे एका आजींनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता.

श्रमदानाचा विषय त्यातलाच. सुतार म्हणतो, मी आठ दिवस फुकट येतो. वायरमन म्हणतो, मजुरी घेणार नाही. ही देणगी लोकवाट्यात धरायची की नाही? धरायची तर कोणत्या दराने? हे आधी लिहून घेतले नाही तर ऑडिटर ते शून्य धरतो, आणि सुताराचे आठ दिवस कागदावरून पुसले जातात.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची टागोर सांस्कृतिक संकुल नावाची योजना आहे. तिच्यात साधारणपणे ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के अर्जदाराचे असे प्रमाण ठेवले आहे. ग्रंथालयांच्या बाबतीत १९७२ साली कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान राज्यांच्या वाट्याशी आपला वाटा जुळवून पुस्तके पुरविते. पण ज्याच्याकडे ४० आहेत त्यालाच ६० मिळतात, हा या पद्धतीचा स्वभाव. श्रीमंत शहर अर्ज करते, गरीब गाव करीत नाही. त्यामुळे गावाच्या ऐपतीप्रमाणे लोकवाट्याचे प्रमाण कमीजास्त असावे, असे मला वाटते.

कोल्हापूरचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभे राहिले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले. हे केशवराव आपल्याही मुलुखाचे म्हणायला हरकत नाही. त्यांनी १९०८ साली ललितकलादर्श मंडळी काढली ती हुबळीत. शिवाय वर्गणी म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते: १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले. महापालिकेच्या ताब्यातले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. थोड्याच दिवसांत राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी वीस कोटींची घोषणा केली. ते योग्यच झाले. परंतु वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकते: जळाल्यावर पैसा झटपट जाहीर होतो, आणि गळणाऱ्या छपरासाठी निम्मी वर्गणी मागितली जाते. घसाऱ्याची रक्कम दर वर्षी बाजूला काढून ठेवण्याची सवय आपल्या पालिकांना फारशी नाही. भाड्याचे उत्पन्न सर्वसाधारण निधीत मिसळते. इमारत मात्र झिजत राहते.

आमच्या समितीने सध्या तीन मागण्यांचा अर्ज दिला आहे. ठोक रक्कम वगळून टक्केवारी ठेवावी. पालिकेने आपला हिस्सा स्वतंत्र बँक खात्यात आधीच जमा करावा. आणि नाट्यगृहाच्या भाड्यातला ठराविक भाग दुरुस्ती निधी म्हणून वेगळा ठेवावा. मराठी मसुदा मंडळाच्या सचिवांनी लिहिला, कन्नड मी. अर्जाला आवक क्रमांक पडला असून तो पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर अकराव्या क्रमांकावर आहे. दहावा विषय पाण्याच्या टाकीचा आहे.