आधी विंडोज, मग लिनक्स

सोलापुरात घरोघरी संगणक शिरला तो दोन वाटांनी. एक वाट सुताच्या आणि चादरींच्या पेढ्यांवरून, टॅलीसाठी. दुसरी इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांमुळे. बऱ्याच घरांत दोन्ही वाटा एकाच असेंबल्ड मशीनवर येऊन मिळाल्या: दिवसा वडिलांचे हिशेब, रात्री मुलाचं लिनक्स. सी शिकायची टर्बोवर आणि शेल स्क्रिप्टचं प्रॅक्टिकल लिनक्सवर, म्हणजे दोन्ही हवंच. एका डिस्कवर दोघांना नांदवायचं तर मशीन सुरू होताना कुणाला पुढे करायचं हे विचारणारा बूटलोडर आला, आणि तो बिघडला की सकाळी टॅली उघडेना म्हणून घरात होणारा आरडाओरडाही आला.

सहस्रक बदललं तेव्हा लिलो या बूटलोडरचा जमाना होता. नेटवरून अख्खं लिनक्स उतरवणं डायल-अपवर अशक्य. ते यायचं पीसीक्वेस्टसारख्या मासिकाच्या सीडीवर. मशीन चालू केलं की पडद्यावर एल, आय, एल, ओ ही अक्षरं एकेक करून उमटत. एकेक अक्षर म्हणजे एकेक टप्पा पार. ‘एलआय’वर गाडी थांबली तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला, पण चालू झाला नाही असं समजायचं. नुसत्या ‘एल’पुढे आकड्यांची रांग लागली तर डिस्क वाचण्यातच घोळ. आपलं दुखणं इतक्या कमी अक्षरांत सांगणारं सॉफ्टवेअर त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाही.

लिलोला फाईल म्हणजे काय हे कळतच नसे. कर्नल डिस्कवर नेमका कुठे पडलाय, एवढाच पत्ता त्याच्यापाशी. नवा कर्नल टाकून ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवायची राहिली की तो जुन्याच पत्त्यावर जाऊन उभा. शिवाय जुन्या बायोसला डिस्कचा पहिला आठेक जीबीचाच भाग दिसे. कर्नल त्यापलीकडे गेला की संपलं. ठरलेला तोडगा म्हणजे इन्स्टॉल करताना बनवून ठेवलेली बूट फ्लॉपी. ती सोलापूरच्या धुळीत आणि उन्हाळ्यात किती टिकायची हा वेगळा विषय.

पण बूटलोडर बिघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा विंडोजच असे. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातल्या ४४६ बाइट्सवर सुरुवातीचा प्रोग्रॅम, ६४ वर पार्टिशनची नोंद, आणि उरलेल्या २ वर खूण. व्हायरस शिरला की विंडोज पुन्हा टाकायची, हा तेव्हाचा रिवाज. टाकताना ती त्या ४४६ बाइट्सवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहून मोकळी होई, कुणाला विचारत नसे. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम सेकंड इयरच्या पोरालाही पाठ असायचा.

यात त्या ६४ बाइट्सना धक्काही लागत नाही, फाईली तर जागच्या हलतसुद्धा नाहीत. लाइव्ह सीडी लावून दहा मिनिटांत निघणारं काम. तरी मशीन दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं: फॉरमॅट मारावा लागेल. दुकानदाराचंही पूर्ण चुकत होतं असं नाही. त्याला तासाभरात मशीन परत द्यायचं असे, आणि फॉरमॅटची मजुरी मिळे तशी ‘बघून सांगतो’ याची मिळत नसे. पण या पंचवीस वर्षांत लोकांचे फोटो, प्रोजेक्ट आणि टॅलीचा डेटा गेला तो बूटलोडर बिघडल्यामुळे फार कमी वेळा. गेला तो बहुतेक दुरुस्तीपायीच.

मग लिलोच्या जागी ग्रब आलं. रेड हॅटने २००१ मध्ये ते आपला मूळ बूटलोडर म्हणून घेतलं, आणि पुढे उबंटूची सीडी टपालाने फुकट घरपोच येऊ लागल्यावर ते सगळीकडे झालं. ग्रबला फाईल सिस्टीम वाचता येत होती, त्यामुळे कर्नल बदलल्यावर पुन्हा काही चालवायची भानगड उरली नाही. त्याची मोजणी मात्र चमत्कारिक. जुनं ग्रब पार्टिशन शून्यापासून मोजे, म्हणजे लिनक्सचं पाचवं ते याचं चौथं. ग्रब २ आलं तेव्हा पार्टिशनची मोजणी एकपासून झाली आणि डिस्कची शून्यावरच राहिली. उबंटूने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ते घेतलं आणि वह्यांत उतरवून ठेवलेल्या सगळ्या आज्ञा एकदम जुन्या झाल्या.

या काळातला हमखास पेशंट म्हणजे ‘ग्रब रेस्क्यू’. परीक्षा संपते, जागा कमी पडते, पोरगा विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट करतो आणि खूश होतो. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’. कारण ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला आणि बाकीचं अंग त्याच लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. इथे विंडोजची सीडी लावून ‘फिक्स एमबीआर’ म्हणणं हाच मार्ग. पार्टिशन शाबूत असून फक्त क्रमांक बदलला असेल, तर खरी मजा. ‘एलएस’ म्हणायचं, एकेक पार्टिशन उघडून बूट-ग्रबचा फोल्डर शोधायचा, प्रीफिक्स नीट लावायचा, ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’, आणि मेनू परत. तो त्या वेळेपुरताच. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ केलं नाही तर उद्या पुन्हा तेच.

त्यात २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं. कर्नलचं अपडेट अर्ध्यात आणि लाईट गेली, यूपीएसची बॅटरी नावापुरती. मशीन कर्नल पॅनिकवर उभं, आणि लोक म्हणायचे ग्रब उडालं. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसे. उपाय बघायला दुसरा संगणकही नसे. नव्या पेठेपर्यंत जाऊन सायबर कॅफेत आज्ञा कागदावर उतरवायच्या, एखादी स्पेस चुकायची, पुन्हा फेरी. या कामातली सगळ्यात मोठी सुधारणा कुठल्या ग्रबने केलेली नाही. ती खिशातल्या स्मार्टफोनने केली.

२०१२ ला विंडोज ८ बरोबर बायोसच्या जागी यूईएफआय आलं आणि दुखणंच बदललं. आता बूटलोडर फॅट-३२ च्या एका छोट्या पार्टिशनमध्ये फाईल म्हणून बसतो, शेजारी विंडोजचाही बसतो, कुणी कुणाला पुसत नाही. विंडोज फार तर स्वतःला रांगेत पुढे सरकवते. एफ-१२ दाबून पाहिलं तर उबंटू तिथेच असतं. पण सवय जुनी. कुणीतरी सेटअपमध्ये जाऊन ‘लेगसी’ करतो, मग जीपीटी डिस्कवरची विंडोजही उठत नाही, आणि प्रकरण पुन्हा फॉरमॅटवर.

सिक्युअर बूटने त्यात सही-शिक्क्याची भर घातली. लिनक्सच्या बाजूने शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सहीने आत शिरतो आणि मग ग्रबला बोलावतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, धोक्याच्या बूटलोडरांना अडवणारी एक यादी बसवली. दोन प्रणाली असलेल्या मशीनवर ती लागू होणार नव्हती, पण अशी कितीतरी मशीन ओळखलीच गेली नाहीत. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीच्या तोंडावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असं वाचून भलेभले हादरले. ग्रब धडधाकट होतं, त्याला आत घेतलं जात नव्हतं एवढंच. सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयुटिल’ने ती यादी पुसायची आणि ते परत चालू करायचं.

कागदावर सोपं. पण सिक्युअर बूट बंद केलं की डिस्कला कुलूप घालणारा विंडोजचा बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागतो, आणि ती आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून आहे हे दहातल्या आठांना ठाऊक नसतं. लॅपटॉप घेताना दुकानदारानेच खातं उघडून दिलेलं, पासवर्ड त्याच्या वहीत. इथे मात्र डेटा खरंच जातो. लाइव्ह पेनड्राइव्ह लावला तरी पार्टिशन कुलूपबंद.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला आणि ११ न पेलणाऱ्या जुन्या मशीनवर शेजारी लिनक्स टाकून मागणं आलं. आता २०११ ची सही-प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होतात. आहे ते शिम त्यामुळे लगेच बंद पडत नाही, पण पुढच्या शिमवर २०२३ च्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि ज्या मदरबोर्डला ते प्रमाणपत्र ठाऊक नाही तो त्याला आत घेणार नाही. अशा मशीनला ते विंडोज अपडेटमधून मिळालं नाही, तर बायोस अपडेट शोधावं लागेल. असेंबल्ड बोर्डांची मिळतात तरी, पण दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची बहुतेक मिळत नाहीत. तिथे सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवावं, आणि त्याआधी ती ४८ आकडी किल्ली छापून घ्यावी.