स्फुरण : पापणीपासून गोणीपर्यंत

‘थरथर’ आणि ‘कापरं’ हे शब्द घ्या. तिथं सारं अंग हलतं. आजचा शब्द त्याहून फार लहान हालचालीचा आहे.

सुपात तांदूळ निवडता निवडता माझी आजी मध्येच थांबायची, डाव्या डोळ्याला बोट लावायची आणि आईला म्हणायची, “लवतोय गं, कुणीतरी येणार बघ.” जवळ जाऊन पाहिलं की खालच्या पापणीची एक शीर तेवढी उडताना दिसे. बाकी चेहरा स्थिर.

या उडण्याला संस्कृतात ‘स्फुरण’ म्हणतात. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातली सीता जीव द्यायला निघते, तेव्हा तिचा डावा डोळा, डावा बाहू, डावी मांडी स्फुरते आणि थोड्याच वेळात हनुमंत रामकथा सांगू लागतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात कण्वाश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो. बाईचं डावं शुभ, पुरुषाचं उजवं. डॉक्टर याला जागरण, थकवा, जास्तीचा चहा अशी कारणं देतात. ते काही असो, हे हलणं आपल्या हातात नसतं, आणि शब्दाचा सगळा जीव त्यातच आहे.

मराठीत पापणीसाठी ‘लवणं’ राहिलं आणि ‘स्फुरणं’ मनाकडे गेलं. पण जाताना जुनी खूण घेऊन गेलं. ‘मी कविता लिहिली’ असं आपण म्हणतो. ‘मी कविता स्फुरली’ मात्र कुणी म्हणत नाही. ‘मला’ स्फुरते. करणारा बाजूला होतो, आणि ज्याच्या आत काही हललं तो उरतो. कुणाला ‘लिही’ म्हणता येतं, ‘स्फुर’ म्हणता येत नाही. ‘स्फूर्ती’ही याच ‘स्फुर्’ धातूची. म्हणूनच क्रिकेटच्या बातम्यांत ऊठसूट कुणाकुणाला ‘स्फुरण चढतं’ तेव्हा मला वाईट वाटतं. ताशा कडाडला आणि लेझीम धरलेल्या मनगटात आपोआप काही सळसळलं, तर ते स्फुरण. नुसत्या आरडाओरड्याला हा शब्द देऊ नये.

‘स्फुर्’चा दुसरा अर्थ चमकणं, लकाकणं. थरथरणारी ज्योत पाहिली की हे दोन अर्थ एकत्र का आले ते कळतं. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडला मूत्र आटवता आटवता अंधारात मंद उजळणारा एक पदार्थ सापडला. तो फॉस्फरस. मराठीनं त्याचं नाव ठेवलं ‘स्फुरद’, आणि ते बांधावर रुळलंही. 10:26:26 खताच्या गोणीवरचे तीन आकडे शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश असे वाचतो. पांढरा फॉस्फरस हवेत उजळतो. गोणीतलं स्फुरद उजळत नाही, आणि मातीत ते फारसं सरकतही नाही. म्हणून कृषी सेवा केंद्रात अजून सांगतात, “स्फुरद पेरतानाच द्या, वरून टाकून मुळांपर्यंत पोचत नाही.”