‘तू नर्स आहेस ना, मग एक गोळी सांग!’ घरच्यांच्या या प्रश्नाला परिचारिका उत्तर का देत नाहीत?

छत्रपती संभाजीनगर : रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी घरी सोफ्यावर, ताई नाइट ड्युटीवर. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, शहरातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मी तिला व्हॉट्सॲपवर गोळ्यांच्या एका पट्टीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पप्पांच्या पायावर सूज आलीय. गुडघ्यासाठी ही गोळी घेतायत. चालू ठेवली तर चालेल का?’

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. उत्तर कसलं, प्रश्नच होते. बीपीची गोळी कोणती चालू आहे? ही पेनकिलर किती दिवस घेतायत आणि कुणी लिहून दिली? लघवी कमी झालीय का? आडवं झाल्यावर दम लागतो का? क्रिएटिनिन शेवटचं कधी केलं होतं?

पाचपैकी दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली. मग तिचा शेवटचा मेसेज आला. ‘दम लागत असेल तर आत्ताच कॅज्युअल्टीला घेऊन ये. नसेल तर ही गोळी काकांना परत देऊ नकोस, सकाळीच फिजिशियनकडे ने. घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट पिशवीत घालून ने. दुसरी गोळी मी सांगणार नाही.’

खरं सांगायचं तर मला राग आला होता. एवढं शिकलेलं घरचं माणूस, आणि एक साधी गोळी सांगायला नको?

त्या पाच प्रश्नांत काय होतं?

पप्पा बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी एकत्रित गोळी घेतात. त्यावर त्यांनी मेडिकलमधून मागून आणलेली डायक्लोफेनॅकची पेनकिलर नऊ दिवस घेतली. ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड आधीच थोडं कमजोर असेल तर धोका वाढतो. लघवी कमी होणं आणि पायावर सूज येणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची शंका येते, आणि मग सकाळची वाट पाहून चालत नाही.

सकाळी डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली, बीपीची गोळी बदलली, रक्त तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. त्याहून वाईट म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टमध्येही ते थोडं वाढलेलंच होतं. तो रिपोर्ट आमच्याच कपाटात होता, लाइट बिलांच्या खाली.

मी इंजिनिअर. ‘लॅपटॉप स्लो झालाय, काय करू?’ असा नातेवाइकांचा फोन मलाही येतो, आणि मशीन न बघता सांगता येणार नाही, असं मीही म्हणतो. तोच नियम ताईला लागू होतो, हे मात्र तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो?

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या परिचारिकेची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. ही नोंदणी शुश्रूषेसाठी आहे. म्हणजे रुग्णाचं निरीक्षण करणं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध बरोबर मात्रेत आणि बरोबर वेळेला देणं, बिघाड दिसला की लगेच कळवणं. रोगाचं निदान करून औषध लिहून देणं त्यात येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणीकृत डॉक्टर नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरातल्या माणसाला ‘पाणी पी, आराम कर’ म्हणणं अर्थातच गुन्हा नाही. पण ‘हे अँटिबायोटिक पाच दिवस घे’ हे वाक्य वेगळ्या खात्यात जातं.

अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी खास मोहीम काढली होती. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स त्याहून कडक अशा ‘शेड्यूल एच-१’ यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. ज्या औषधासाठी एवढी कागदपत्रं लागतात, ते आपण बहिणीकडून एका व्हॉइस नोटवर मागत असतो.

‘घरी येऊन एक सलाइन लावून दे’

गोळीनंतरची दुसरी मागणी ही. अशक्तपणा आला, उन्हातून फिरून आलं, उपवास जास्त झाले, की गल्लीतल्या सिस्टरला निरोप जातो. सलाइन म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ किंवा साखर. ज्याला तोंडाने पिता येतं आणि उलट्या होत नाहीत, त्याला बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हीच बाटली अंगावर येऊ शकते.

इंजेक्शनचं त्याहून अवघड. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असेल तर परिचारिका इंजेक्शन देऊ शकते, तो तिच्या कामाचाच भाग आहे. पण अँटिबायोटिकच्या इंजेक्शनची एखाद्याला तीव्र ॲलर्जी येते. काही मिनिटांत बीपी कोसळतं, श्वास अडकतो. वॉर्डात अशा वेळी ॲड्रिनलिन, ऑक्सिजन आणि डॉक्टर हाताशी असतात. हॉलमधल्या दिवाणावर यातलं काहीच नसतं. तिथे काही झालं तर ‘सुई तिनेच टोचली होती’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहील.

ताप आणि ड्रममधलं पाणी

आपल्या शहरात तापाचा प्रश्न जरा वेगळा आहे. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, हौद भरलेले असतात, आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर ‘ताप आहे, अंग खूप दुखतंय, ब्रुफेन देऊ का?’ हा मेसेज म्हणून धोक्याचा. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं, तेही मोजून. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे नकळत दुप्पट जाऊ शकतं.

मुलांच्या बाबतीत तर ‘किती चमचे देऊ?’ या प्रश्नाला फोनवर उत्तरच नसतं. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. थेंबांची बाटली त्याहून कितीतरी तीव्र असते. मात्रा वजनावर ठरते. वजन आणि बाटलीवरचा आकडा न सांगता चमचे विचारले तर परिचारिका गप्प राहते, आणि ते बरंच आहे.

‘घाटीत कुणी ओळखीचं आहे का?’

मराठवाड्यात परिचारिकेकडे जाणारा खरा मोठा प्रश्न हाच असेल. १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय म्हणजे घाटी. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहूनही इथे रुग्ण येतात. केस पेपर कुठे काढायचा, कोणत्या वारी कोणती ओपीडी, रिपोर्ट कुठे मिळतो, हे नवख्या माणसाला कळता कळता दुपार होते. इथे ओळखीची सिस्टर खरोखर कामाला येते, आणि हा सल्ला ती मोकळेपणाने देऊ शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, एवढं सांगितलं तरी एखाद्या कुटुंबाची गावाकडची एक फेरी वाचते. ‘आमचा नंबर आधी लावून दे’ हे मात्र त्यात बसत नाही. त्या रांगेत पुढे उभा असलेलाही कुणाचा तरी बाप असतो.

काही प्रश्न विचारायचेच नसतात

‘शेजारच्यांची मुलगी तुमच्याकडे ॲडमिट आहे म्हणे, काय झालंय गं तिला?’ ताईला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. रुग्णाची माहिती बाहेर न सांगणं हा परिचारिकेच्या कामाचा पाया आहे आणि काही बाबतींत तर थेट कायदा आहे. गर्भपात करून घेतलेल्या महिलेची ओळख उघड केली तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एखाद्याच्या एचआयव्ही स्थितीबद्दल बोलण्यावर २०१७ च्या कायद्याने बंधन घातलं आहे.

आणि अगदी हळू आवाजात येणारा तो प्रश्न. ‘सोनोग्राफीत काय दिसलं, तेवढं बघून सांग ना.’ गर्भलिंग शब्दांनी, खुणेने, कुठल्याही प्रकारे सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. विचारणाराही यातून सुटत नाही. लिंगनिदानासाठी मदत मागणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटातल्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. हा आकडा माहीत असलेल्या माणसाने तरी हा प्रश्न गमतीत घेऊ नये.

परदेशात नर्स औषध लिहून देतात, मग?

हे खरं आहे. ब्रिटनमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका औषध लिहून देऊ शकतात, २००६ पासून तर जवळपास सगळी औषधं. पण तिथल्याच आचारसंहितेत असंही आहे की स्वतःसाठी आणि जवळच्या नात्यातल्या माणसांसाठी औषध लिहिणं शक्यतो टाळावं. म्हणजे अधिकार असूनही घरच्यांसाठी तो वापरू नये. कारण साधं आहे. आपल्या माणसाबद्दल आपण एक तर फार घाबरतो, नाही तर ‘काही नसेल’ म्हणून सोडून देतो. नको ते खाजगी प्रश्नही टाळतो. सासऱ्यांना लघवीबद्दल विचारणं कोणत्याही सुनेला सोपं नाही.

मग विचारायचं काय?

‘कोणती गोळी?’ याऐवजी ‘कुठे दाखवू आणि किती घाईने?’ हे विचारा. यात परिचारिकेचा अनुभव पुरेपूर कामी येतो. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, गोळी जेवणाआधी की नंतर, इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, टाके कोरडे कसे ठेवायचे, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे सगळंही विचारता येतं. डॉक्टरांपर्यंत जाणं शक्य नसेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, तिथे डॉक्टर व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देतात.

छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं, तर ताईला, वहिनीला, कुणालाच मेसेज टाइप करत बसू नका. थेट १०८ लावा. २०१४ पासून राज्यात ही सेवा आहे आणि त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला अर्धा तास ‘सीन’ होण्याची वाट बघण्यात गेला तर तो परत मिळत नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर आता पप्पांच्या औषधांची यादी आणि शेवटच्या रिपोर्टचा फोटो पिन केलेला आहे. गेल्या आठवड्यात आत्याने गुडघ्यासाठी गोळी विचारली, तेव्हा ताई ड्युटीवर होती. पप्पांनीच उत्तर टाकलं, ‘आधी बीपीची गोळी कोणती घेतेस ते सांग.’